बेसवर हार्मोनिक्सने 'अमेझिंग ग्रेस': सूर सापडतायत पण ओळ सलग होत नाहीये

नगरचा_बेस

सगळ्यांना सलाम. मी नगरला आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये बेस (गिटार) वाजवतो, चार तारांचा (ई, ए, डी, जी), ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), जॅझ बेसच्या धाटणीचा, फार महागडा नाही. आमच्याकडे उपासना सुरू व्हायच्या आधी मंडळी येऊन बसेपर्यंत कुणीतरी एकटं काहीतरी वाजवतं, नेहमी कीबोर्ड असतो, कधी व्हायोलिन. पुढच्या महिन्यात पाळकसाहेब म्हणाले या वेळी तू वाजव, आणि मी लगेच हो म्हणालो, आता डोकं खाजवतोय.

मनात आहे ते असं की 'अमेझिंग ग्रेस'ची चाल पूर्ण हार्मोनिक्सवर (तार न दाबता नुसती शिवून निघणाऱ्या वरच्या सुरांवर) वाजवायची, बेसवादक व्हिक्टर वूटेन लाइव्हला वाजवतो तसं काहीतरी, अर्थात त्याच्या पायाशीही जाणार नाही मी, साधी चाल नीट आली तरी खूप. पट्टी जी, म्हणजे पांढरी पाच, घेतलीय. १२, ७ आणि ५ व्या फ्रेटवरचे हार्मोनिक्स खणखणीत येतात म्हणजे जी आणि डी मिळाले, जी तारेवर चौथ्या फ्रेटपाशी बी पण येतो जरा रडतखडत. पण ए आणि ई कुठून काढू? ए साठी डी तारेचा सातवा फ्रेट वापरला तर तो एक सप्तक खाली पडतो आणि ओळ मधेच खड्ड्यात गेल्यासारखी वाटते. एक जण म्हणाला आर्टिफिशियल हार्मोनिक्स कर, उजव्या अंगठ्याने तार शिवून बोटाने छेडायची, ते मला सलग चालीत जमत नाहीये.

शिवाय तो चौथ्या फ्रेटचा बी ट्यूनरवर उतरलेला दाखवतो. बेसचं इंटोनेशन (फ्रेटवरच्या सुरांची जुळणी) गेलंय का? आणि खाली एखादा मूळ सूर वाजवत ठेवता येईल का, की नुसतीच चाल टिणटिण करत बसायचं? जाणकारांनी सांगा. टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते लिहिलेली) आयती नको, समजून घ्यायचंय.

---

खर्जातला

नगरकर, गाणं अगदी बरोबर निवडलंस, कारण ही चाल पाच सुरांची आहे, आपल्या भूपाचेच सूर, सा रे ग प ध. म आणि नी नाहीतच. जी ला सा धरला तर पहिली ओळ अशी पडते (खाली टिंब म्हणजे मंद्र):

प़ सा गसा ग, रे सा ध़ प़

आणि दुसरी प़ सा गसा ग, रे प, म्हणजे शेवटी वरच्या पंचमावर जाऊन थांबते. तिसरी ओळ वरच्या प आणि ग मध्ये फिरून खाली उतरते, तिथे प्रत्येक जण थोडी वेगळी मुरड घेतो, पण सूर हेच. चौथी परत पहिल्यासारखी, फक्त सा वर संपते.

आता गंमत बघ. हे सगळे सूर तुला तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या मधे, हात न हलवता मिळतात:

खालचा प (डी) : डी तार, ५ वा फ्रेट
सा (जी) : जी तार, ५ वा फ्रेट
ग (बी) : जी तार, ४ थ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे
रे (ए) : डी तार, ३ ऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे
खालचा ध (ई) : ए तार, ३ ऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे
वरचा प (डी) : जी तार, ३ ऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे

तू सातव्या फ्रेटचा डी घेतोस तो सूर बरोबरच आहे, पण त्यासाठी हात पुढे न्यावा लागतो आणि शिवाय तो जी तारेवरच येतो, म्हणजे पुढचा सा वाजवला की प तुटला. डी तारेवरून घेतलास तर प वाजत असतानाच सा सुरू होतो, एकातून दुसरा निघाल्यासारखा. सलगपणा तिथून येणार.

तिसऱ्या फ्रेटच्या पुढचं ठिकाण म्हणजे तारेचा सहावा भाग. तुझ्या ३४ इंचांचे ८६४ मिमी भागिले ६, नटपासून (खुंट्यांकडची पट्टी, जिथून मोकळी तार सुरू होते) १४४ मिमी. तिसरा फ्रेट साधारण १३७.५ मिमीवर असतो, म्हणजे त्याच्या पुढे साडेसहा मिमी. चौथ्या फ्रेटचा बी तारेच्या पाचव्या भागावर, १७३ मिमीला, म्हणजे फ्रेटच्या पाचेक मिमी अलीकडे. तू बहुतेक बरोब्बर फ्रेटच्या पट्टीवर बोट ठेवतोयस म्हणून तो रडतोय. मोजपट्टी घे, मानेच्या कडेला पेन्सिलने बारीक टिंब कर, आठवड्यात टिंबाची गरज संपेल.

---

लो_ई_लव्हर

+१ वरच्याला, आता कुणाला काही सांगायला शिल्लकच ठेवलं नाही 😄

फक्त एक, याच वाटेने पुढे जायचं असेल तर बेसवादक जॅको पॅस्टोरियसचं १९७६ च्या पहिल्या अल्बमातलं 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ऐक. नैसर्गिक हार्मोनिक्स आणि दाबलेले सूर एकत्र कसे बसवायचे याची शाळा आहे ती. आर्टिफिशियलसाठी 'बर्डलँड'ची सुरुवात, वेदर रिपोर्ट बँड, १९७७. पण तुला आत्ता त्याची गरज नाही, जी मधे सगळं नैसर्गिक मिळतंय तर कशाला अंगठा मोडून घेतोस.

---

नगरचा_बेस

खर्जातला दादा, साष्टांग! काल रात्री मोजपट्टी घेऊनच बसलो. ए आणि ई दोन्ही सापडले, म्हणजे कधी सापडतात कधी नाही. पाच वेळा छेडलं तर दोनदा स्वच्छ, एकदा नुसती ठप्प आणि बाकी वेळा कुठला तरी भलताच सूर, ए च्या जागी सी सारखं काहीतरी पण धड सी पण नाही. पाचव्या फ्रेटचे मात्र दर वेळी येतात. जागा तर बरोबर आहे, मग काय चुकतंय?

---

घासलेला_फ्रेट

उजवा हात चुकतोय. सगळे डावा हात बघत बसतात.

हार्मोनिक जेवढा वरचा तेवढा छेडायचा बिंदू ब्रिजकडे (उजव्या हाताकडचं तारेचं टोक) न्यायचा. कारण सोपं आहे, सहाव्या हार्मोनिकमधे, म्हणजे तिसऱ्या फ्रेटच्या पुढच्या त्या सुरात, तार सहा तुकड्यांत हलते, त्या तुकड्यांच्या सांध्यावर छेडलंस तर तो हार्मोनिक निघणारच नाही, तुकड्याच्या पोटात छेडलं तर सगळ्यात मोठा निघेल. ब्रिजकडचा शेवटचा तुकडा १४४ मिमीचा, त्याचं पोट ७२ मिमीवर. म्हणजे ब्रिजपासून चार बोटं म्हण, जॅझ बेसवर ब्रिज पिकअपच्या (तारेचा आवाज पकडणारी तिथली पट्टी) आसपास. तू बहुतेक नेहमीच्या सवयीने दोन पिकअपच्या मधे किंवा मानेकडच्या पिकअपवर अंगठा टेकवून वाजवतोयस. तिथे पाचव्या फ्रेटवाले येतील, सहावा रुसेल.

तो भलता सी म्हणजे डी तारेचा सातवा हार्मोनिक. बोट जरा मागे सरकलं, तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे गेलं की तो निघतो, आणि तो मुळातच ३१ सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो म्हणून तुला धड सी वाटला नाही. कान चांगला आहे तुझा.

आणि बोट उचल! छेडल्याबरोबर डावं बोट तारेवरून काढायचं. ठप्प आवाज येतो तो बहुतेक बोट टेकून राहिल्यामुळे. तार दाबायची नाही आणि फ्रेटला टेकवायची पण नाही, नुसता स्पर्श, बोटाच्या टोकाने, पेराच्या आडव्या भागाने नको, कारण बोट जाड पडलं की सहाव्याचा बिंदू झाकून तो सूरच मारून टाकतं.

तारा कधी बदलल्यास? जुन्या मळलेल्या तारांवर पाचव्या फ्रेटच्या पुढचं काही मागू नये. राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या) नव्या घाल, फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) असतील तर विसरच. टोनचं बटण पूर्ण उघडं, ब्रिज पिकअप जास्त.

---

नगरचा_बेस

तारा.... ते विचारू नका 🙈 या आठवड्यात घालतो.

ब्रिजकडे छेडलं आणि जुन्या तारांवर सुद्धा फरक पडला! धन्यवाद सर. पण बी चं काय? तो अजून ट्यूनरवर डावीकडेच. इंटोनेशन करून आणलं तरी तेच.

---

ऑर्गनवाली

बाळा, बी चं इंटोनेशन नको करूस, तो तसाच असतो आणि तोच खरा आहे असं माझं मत.

मी चर्चमधे बरीच वर्षं ऑर्गन आणि आता कीबोर्ड वाजवते, आणि घरी वडिलांकडे तंबोरा होता, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते. जी तार ९८ हर्ट्झची, तिचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे तुझा चौथ्या फ्रेटपाशी निघणारा बी, ४९०. कीबोर्डचा बी ४९३.९. फरक १४ सेंटचा. कीबोर्डने सगळे अर्धस्वर सारखे वाटून घेतलेत त्यात गंधार चढलाय, तारेचा गंधार निसर्गातला आहे. तंबोऱ्याचा खर्ज छेडल्यावर कुणी न छेडता जो गंधार ऐकू येतो, गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच, पाचवा हार्मोनिक. तू फक्त बोट लावून त्याला एकट्याला बाहेर बोलावतोयस. एकटा वाजवणार असशील तर तो बी इतका गोड लागेल की ट्यूनर बंद करून ठेव.

प्रश्न येईल तो कीबोर्डबरोबर वाजवताना. मी जर खाली जी चा कॉर्ड धरून ठेवला तर माझा बी आणि तुझा बी सेकंदाला चारेक हेलकावे मारतील, लांब सुरावर ते स्पष्ट ऐकू येतं. त्यामुळे तुमच्या कीबोर्डवाल्याला सांग की तुला साथ करायचीच असेल तर नुसते जी आणि डी धर, बी सोड. माझ्याकडे एक व्हायोलिनवाला यायचा त्याच्याबरोबर मी असंच करायचे.

अजून एक, तुम्ही मुलं पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मोनिक्स जुळवून बेस लावता ना? सातव्याचा शुद्ध पंचम कीबोर्डच्या पंचमापेक्षा २ सेंट चढा असतो, त्यामुळे ई पासून सुरू करून तीन तारा तशा लावल्या की जी तार ६ सेंट उतरते. मग तुझा बी चौदा नाही तर वीस सेंट खाली. प्रत्येक तार ट्यूनरवर सुटी लाव, बारावा फ्रेट बघून.

---

खर्जातला

ऑर्गनवाली ताई, हे ट्यूनिंगचं मला आजच कळलं, इतकी वर्षं पाच-सातवरच लावतोय आणि जी तार कशी काय मागे राहते म्हणून खुंटीला शिव्या घालतोय.

---

साधं_सरळ

मला एक कळत नाही, एवढा खटाटोप कशासाठी? तीच चाल जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर दाबून वाजव, सूर पक्के, आवाज मोठा, बी पण कीबोर्डशी जुळेल. हार्मोनिक्स म्हणजे बेसवाल्यांनी बेसवाल्यांना दाखवायची करामत आहे, मंडळींना काही पडलेलं नसतं. आमच्याकडे एकाने हेच केलं होतं, तिसऱ्या बाकाच्या मागे काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

---

मिक्सरमागचा

साधं_सरळ यांचं अर्धं बरोबर आहे. ऐकू येत नाही ही खरी तक्रार आहे पण दोष हार्मोनिक्सचा नसतो, आमचा असतो, म्हणजे साउंडवाल्यांचा.

चर्चच्या मिक्सरवर बेसचा चॅनल एकदा सेट केला की वर्षभर कुणी हात लावत नाही. आणि तो सेट कसा असतो? खाली ८० च्या आसपास थोडं वाढवलेलं, ३०० ते ५०० मधला गढूळपणा काढायला तिथे खोल कट, आणि वरचं सगळं बंद, कारण फ्रेटची खरखर नको. आता ही चाल कुठे आहे बघा: खालचा प २९४ हर्ट्झ, सा ३९२, रे ४४०, ग ४९०, वरचा प ५८८. म्हणजे चाल बरोब्बर त्या खड्ड्यात! शिवाय हार्मोनिकमधे खालचे स्वरांश नसतातच, त्यामुळे ८० ला वाढवलेलं काही कामाचं नाही. मग तिसऱ्या बाकाला काय ऐकू जाणार.

नगरकर, साउंड बघणाऱ्या भाऊला आधी भेट. त्या गाण्यापुरता तो मधला कट काढ म्हणावं, वरचं उघड म्हणावं, आणि जमलं तर तुझ्यासाठी वेगळाच चॅनल ठेवा, डीआय बॉक्सने (बेस मिक्सरला जोडायची डबी) थेट. थोडा कॉम्प्रेसर लावला तर सहावे हार्मोनिक्स पाचव्या फ्रेटवाल्यांच्या बरोबरीला येतात, नाहीतर सा मोठा आणि रे बारीक असं होत राहतं. किंचित रिव्हर्ब (घुमारा) चालेल पण हॉल दगडी आणि उंच छताचा असेल तर अजिबात नको, हॉलच देईल. आणि पंखे! नगरच्या उन्हाळ्यात पंखे बंद करा असं सांगायची हिंमत कुणात नाही हे मान्य 😅 पण निदान साउंडचेक पंखे चालू ठेवून करा.

---

घासलेला_फ्रेट

@साधं_सरळ, दाबून वाजवलेला आणि हार्मोनिक यांचा आवाज एकच असता तर मी पण तेच म्हणालो असतो. पण बाराव्या फ्रेटच्या वर दाबलेली बेसची तार जरा घुसमटलेली वाजते, लवकर विझते. हार्मोनिक मोकळ्या तारेचा असतो, वाजत राहतो आणि एकावर एक सूर साचतात. या चालीत सूर लांब लांब आहेत, तीन मात्रांचा संथ ठेका, तिथे ते साचणं चांगलं लागतं. उपासनेआधी कुणी उठून टाळ्या वाजवणार नाहीये, लोक बसतायत, पुस्तक उघडतायत, हळू आवाजात काहीतरी चालू आहे एवढंच हवं असतं. करामत दाखवायची तर ही जागाच नाही, पण हा पोरगा करामत दाखवायला निघालाय असं मला त्याच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

---

साधं_सरळ

बरं बाबा, मागे घेतलं. अर्धं. भक्तिगीताला जेवढं कमी तेवढं बरं या मतावर कायम आहे.

---

मडगावचो_बासिस्ट

नमस्कार, गोव्याहून. मूळ सुरांचा प्रश्न मागेच राहिला म्हणून लिहितो, मी हेच गाणं लग्नाच्या मासला (चर्चमधल्या उपासनेला) एकट्याने वाजवलंय.

खाली बेस धरता येतो, आणि या हाताच्या जागेत तर मस्तच येतो. ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी. पहिलं बोट तिथे दाबून ठेव, करंगळीने जी तारेच्या पाचव्या फ्रेटला शिव, झाला सा, खाली खर्जात जी चालूच. अनामिकेने चौथ्याच्या अलीकडे शिव, झाला ग. मधल्या बोटाने डी तारेवर तिसऱ्याच्या पुढे शिव, झाला रे. पहिलं बोट जागचं हलत नाही. उजव्या हाताने अंगठा ई तारेवर, पहिलं-दुसरं बोट वरच्या तारांवर, क्लासिकल गिटारवाले करतात तसं.

अडचण येते 'सा ध़ प़' ला. लोक तिथे सी चा कॉर्ड वाजवतात. सी म्हणजे ए तारेचा तिसरा फ्रेट, पण ध़ आपल्याला ए तारेवरूनच काढायचाय, एका तारेवर दोन कामं होत नाहीत. ई तारेवर आठव्या फ्रेटला सी आहे पण तिथे गेलास तर हात उपटला. मी काय करतो, सी सोडून देतो आणि मोकळी ई तार छेडतो. म्हणजे सी मेजरच्या जागी ई मायनर होतो, वरती जी आणि ई दोन्ही सूर त्याला चालतात, आणि डावा हात मोकळा राहतो कारण मोकळ्या तारेला बोट लागत नाही. जरा उदास रंग येतो तिथे, मला तर मूळ सी पेक्षा आवडतो.

दुसऱ्या ओळीच्या शेवटचा वरचा प, जी तारेवर तिसऱ्याच्या पुढे, त्याच्याखाली मोकळी डी तार. हा आख्ख्या गाण्यातला सगळ्यात भरलेला आवाज, तिथे हवं तेवढं थांब, घाई करू नकोस.

खर्ज मात्र हळू छेड. दाबलेला जी ४९ हर्ट्झचा आणि त्याच्यासमोर हार्मोनिक म्हणजे पोर, जोरात वाजवलास तर चाल बुडाली. ओळीला एकदाच, पहिल्या ठोक्याला. दर मात्रेला नको.

---

नगरचा_बेस

मडगावकर सर, तुम्ही तर सगळं ताटात वाढलंत. मोकळ्या ई ची आयडिया भारी आहे, लगेच करून पाहिली, आमच्या आईने आतून विचारलं हे काय वाजवतोयस, म्हणजे ऐकू तरी जातंय 😀

'गसा ग' ला मात्र तुटतं अजून. बी, जी, बी तिन्ही एकाच तारेवर, त्यामुळे प्रत्येक वेळी आधीचा मरतो.

आणि एक शंका, आमची मंडळी हे गाणं हार्मोनियमवर पांढरी चारमधे (एफ) म्हणतात, मी पांढरी पाचमधे वाजवणार. मी संपवलं की लगेच गाणं सुरू होणार असेल तर?

---

खर्जातला

तिथे इलाज नाही, तुटणारच. ए तारेवर दुसऱ्या फ्रेटपाशी नववा हार्मोनिक म्हणून एक बी आहे खरा, ४९५ हर्ट्झचा, तो जवळपास सुरात पण आहे, पण तो काढेपर्यंत गाणं संपेल. त्यापेक्षा ती मुरड गाळ. प़ सा ग, रे सा ध़ प़, एवढंच. चाल ओळखू येते. नाहीतर मधला सा अगदी हलका, उजव्या हाताचं दुसरं बोट वापरून पटकन घे, आणि मडगावकरांचा खर्ज खाली चालू असेल तर वरचं तुटणं फारसं कळत नाही.

पांढरी चारचं सोपं आहे, चारही तारा एक एक सूर उतरव. डी जी सी एफ. बोटं सगळी तीच, सूर एफ मधे. तारा थोड्या ढिल्या होतील, छेडणं जरा हलकं ठेव. फक्त उपासनेच्या वेळी पुढची गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमधे वाजवायची असतील तर दुसरा बेस कुणाकडून तरी आण, मंडळींसमोर खुंट्या पिळत बसू नकोस.

आणि डी मधे (पांढरी दोन) म्हणत असतील तर हाच साचा एक तार खाली सरकव: प़ ए तारेवर, सा डी तारेवर, ध़ ई तारेवर. बसतो बरोबर. मात्र खर्ज धरायला मग ई तार मोकळी राहत नाही.

---

ऑर्गनवाली

डी चा विषय निघालाच आहे तर सांगते, मी कागदावर मांडून बघितलं, डी मधे मध्यम पण मिळतो की! जी तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे डी चा म. सा रे ग म प ध आणि वरचा सा, फक्त नी खालच्या सप्तकातला आहे (ए तार, चौथ्याच्या अलीकडे), वरचा नाही. म्हणजे 'अबाइड विथ मी'ची पहिली ओळ आख्खी बसेल. तीच चाल जी दिल्लीला बीटिंग रिट्रीटला वाजवायचे, २०२२ पासून काढली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मात्र तीव्र मध्यम आहे, जी शार्प, तिथे गाडी अडते. तो ई तारेवर चौथ्या फ्रेटला मिळतो पण सप्तकभर खाली.

---

लो_ई_लव्हर

ताई, मग नाताळला 'सायलेंट नाइट' होईल का? ते तर पहिल्यांदा वाजलंच गिटारवर होतं, ऑस्ट्रियात, १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री. आपल्याला हक्क पोचतो 😎

---

खर्जातला

होईल, पण डी मधे नाही, त्यात वरचा नी आणि त्याच्या वरचा रे लागतो. जी मधे घे. सा जी तारेच्या बाराव्या फ्रेटचा, एक सप्तक खालचा धर. मग ग ई तारेवर तिसऱ्याच्या पुढे, प आणि ध आपले वरचेच डी-पाच आणि ए-तीन (आधी तार, मग फ्रेट), नी डी तारेवर चौथ्याच्या अलीकडे, वरचा सा जी-पाच. सगळं मिळतं, फक्त म नाही, आणि म दोनदा येतो, एकदा वरचा शेवटून दुसऱ्या ओळीत, एकदा खालचा अगदी शेवटच्या ओळीत.

खालच्यासाठी जी तारेचा पाचवा फ्रेट दाबायचा आणि उजव्या अंगठ्याने सतराव्याला शिवून छेडायचं. आर्टिफिशियल, पण एकच सूर आहे, तेवढा शिकून घेता येईल. वरच्यासाठी पण तोच पाचवा फ्रेट, फक्त अंगठा ब्रिजपासून १६२ मिमीवर, तिथे दोन सप्तकं वर जातो. डी तारेचा सातवा हार्मोनिक सी च आहे असं म्हणून कुणी तो वापरायला जाऊ नका, ३१ सेंट म्हणजे नाताळच्या रात्री मंडळी माना वळवून बघतील.

---

नगरचा_बेस

नाताळला अजून वेळ आहे, आधी हे पार पडू दे. नव्या तारा आल्या, साउंडवाल्या भाऊला भेटलो, तो म्हणाला बेसच्या चॅनलला हात लावायचा नाही, नवा चॅनल घे, म्हणून व्हायोलिनच्या जागी लावणार आहोत. मुरड गाळलीय. तिसऱ्या ओळीत वरच्या प वरून ग वर येताना बोट अजून पुढे-मागे होतं, पेन्सिलचं टिंब पुसलं गेलं होतं ते आज परत केलं.

रेकॉर्डिंग झालं तर इथेच टाकतो, शिव्या हळू घाला.